गाडीतला टेप आणि मामांचे टाळ

आमच्या गाडीत कंपनीनेच बसवून दिलेला एक टेप आहे. टेप म्हणायचं ते आपलं सवयीने. त्यात कॅसेट जात नाही, पेनड्राइव्ह जातो आणि मोबाइलचं ब्लूटूथ लागतं. पण आमच्या पिढीच्या तोंडी 'टेप' हाच शब्द बसलाय, त्याला इलाज नाही. सरकारी कारकुनाने (आमच्याकडे गोव्यात यूडीसी म्हणतात) हप्त्यावर घेतलेली छोटी गाडी, त्यात फुकट आलेला टेप. त्याच्याकडून फार अपेक्षा नव्हत्या. कचेरीत जाता-येता बातम्या ऐकाव्यात, सुटीत बायकोला घेऊन बेळगावला जाताना गाणी ऐकावीत, एवढंच.

माझी सासुरवाडी येळ्ळूर. बेळगाव शहराला लागून, वडगावच्या पुढे. वर राजहंसगड, खाली भाताची शेतं. या भागाचा बासमती खाल्लेला माणूस दुसऱ्या तांदळाला नावं ठेवतो, हे मी लग्नानंतर शिकलो. घरात वास सुटला की शेजाऱ्याला कळतं, यांच्याकडे पाहुणे आलेत. सासऱ्यांना मी त्या भागातल्या पद्धतीप्रमाणे 'मामा' म्हणतो. मामा आता ऐंशीला आलेत. आयुष्यभर शेती केली आणि आयुष्यभर भजन केलं. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का आणि हातात टाळ. त्यातले टाळ महत्त्वाचे, कारण हा सगळा लेख त्यांच्यावरच येऊन थांबणार आहे.

तर झालं असं. गेल्या वर्षी सुगी आटोपल्यावर मामांना चार दिवस गोव्याला आणायचं ठरलं. पिरनवाडी सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलो. मामा मानाने पुढच्या सीटवर, बायको मागे. मी मोठ्या हौसेने भीमसेनजींचे अभंग लावले. गदगचा माणूस, कानडी दासवाणीही गायचा आणि मराठी संतवाणीही. सीमाभागातल्या प्रवासाला याहून योग्य काय असणार! पण मामा खिडकीबाहेर बघत बसले. ना मान डोलली, ना मांडीवर बोट पडलं. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. तिसाच्या पुढे आकडा गेल्यावर दाराचं प्लास्टिक थरथरायला लागलं आणि भीमसेनजींचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा फाटला. मी विचारलं, "मामा, ऐकू येतंय ना?"

"येतंय की. बरं आहे, असू दे," मामा म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघू लागले.

कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा मामा मलप्रभेच्या उगमाकडे हात जोडायला गेले. तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "अहो, आप्पांना काय ऐकाला येत नाही. तुम्ही जावई, म्हणून ते सांगणार नाहीत."

हे खरंच होतं. मामा मला अजून 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणतात. मुलाला ते 'ऐकाला येईना, मोठं कर' म्हणून ओरडले असते. जावयाच्या गाडीत बसून जावयाचा टेप लहान आहे असं म्हणणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मग मीच मनाशी ठरवलं, टेपचा आवाज मोठा करायचा. चवथीच्या बोनसमधले दहा हजार बाजूला ठेवले होते. त्याच्या पुढे जायचं नाही.

पहिल्यांदा गेलो ते एका दुकानात. दुकानदाराने गाडीचा टेप चालू केला, दोन सेकंद ऐकलं आणि डॉक्टरने जीभ बघून सांगावं तसं सांगितलं, "ॲम्प्लिफायर टाका, मागे बेस ट्यूब टाका." आकडा बावीस हजारांचा. वर नमुना म्हणून त्याने दुकानातल्या गाडीत एक गाणं लावलं. माझा शर्ट हलला! शब्द मात्र एकही कळला नाही.

मी कला शाखेचा पदवीधर. वॅट, ओहम हे शब्द दहावीच्या परीक्षेबरोबर मागे पडलेले. पण बावीस हजार वाचवायचे असले की कारकून वाचायला लागतो. आणि वाचता वाचता कळलं ते असं.

टेपच्या डब्यावर '५० वॅट गुणिले ४' असं छापलेलं असतं. तो आकडा लग्नाच्या पत्रिकेतल्या मुहूर्तासारखा, छापायचा असतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर साधारण ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग करा, त्याला ओहमच्या दुपटीने भागा. उत्तर येतं सव्वीसच्या आत. त्यातही गळती वजा जाता स्पीकरला स्वच्छ आवाजासाठी मिळतात ते पंधरा ते वीस वॅट. त्याच्या पुढे बटण फिरवलं तर टेप आवाजाच्या लाटांचे शेंडे सपाट कापायला लागतो. भीमसेनजींचा आवाज फाटला तो त्यामुळे. आणि हा फाटका आवाज चालू ठेवला तर वरचे नाजूक ट्वीटर जळायची भीती.

दुसरी गोष्ट याहून मजेशीर. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबल वाढतो. कानाला 'दुप्पट' वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! उलट स्पीकरच जर एका वॅटमध्ये जास्त वाजणारा निवडला, म्हणजे त्याच्या कागदावर ८७ डेसिबलऐवजी ९१ लिहिलेलं असलं, तर तेवढ्याच विजेवर अडीचपट वॅट टाकल्यासारखा फरक पडतो. म्हणजे आधी ॲम्प्लिफायर घ्यायचाच नाही. आधी स्पीकर बदलायचे. कंपनीने दिलेल्या स्पीकरचं लोहचुंबक, मेकॅनिकने काढून हातात दिलं तेव्हा कळलं, आमच्या फ्रीजवर चिकटवलेल्या चुंबकाचा थोरला भाऊ शोभावा एवढंच होतं.

पण स्पीकरच्याही आधी काही गोष्टी फुकटात होत्या. टेपमध्ये बेस वर चढवून ठेवलेला होता, तो खाली आणला. टेपची निम्मी ताकद तो ढुमढुम वाजवण्यातच खर्च होत होती. सगळा आवाज मागच्या दारांतून येत होता, तो पुढे घेतला, कारण ऐकणारा माणूस पुढे बसतो. एवढ्यानेच आवाजाचं बटण चार घरं पुढे नेलं तरी फाटेना.

आता ऐकायचं काय, हा प्रश्न. इथे बायकोने कपाटातून एक पिशवी काढली. त्यात सात-आठ कॅसेटी. तिचे एक चुलते आखातात होते, ते सुटीला येताना टू-इन-वन घेऊन आले होते आणि गावच्या देवळातल्या सप्ताहाचं भजन त्यावर भरून घेतलं होतं. पस्तीसेक वर्षं झाली त्याला. त्यात मामा ऐन उमेदीत आहेत. दोन अभंग त्यांनी उचललेत आणि बाकीच्या वेळी टाळ धरलेत. वीणेकरी, मृदंगवाले, चुलते, आज त्यातलं जवळजवळ कुणीच नाही. मामांनी त्या कॅसेटी कित्येक वर्षांत ऐकलेल्या नव्हत्या. ऐकायचं यंत्रच घरात उरलं नव्हतं.

आम्हा गोवेकरांचं भजन बैठं. पेटी, पखवाज, बैठकीतला आलाप. येळ्ळूरचं वारकरी भजन उभं. टाळकरी दोन रांगांत समोरासमोर, पावली खेळत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते गाण्यापेक्षा कवायतीसारखं वाटलं होतं. नंतर कळलं, तिथे टाळ ही साथ नव्हे, टाळ हाच श्वास. वीस जोड्या एका क्षणी पडल्या की देवळाचा दगडसुद्धा जागा होतो.

एका सहकाऱ्याकडून जुना डेक आणला, त्यातून वायर काढून संगणकाला लावली आणि 'ऑडासिटी' नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भजन उतरवायला लागलो. आवाज आला तो गोधडीखालून आल्यासारखा. मृदंग होता, माणसं होती, पण टाळ म्हणजे कुणीतरी लांब किल्ल्यांचा जुडगा हलवतंय एवढाच. वाटलं, कॅसेट मेली. मग दोन गोष्टी सापडल्या.

एक म्हणजे डेकवरचं डॉल्बीचं बटण. सहकाऱ्याने ते दाबूनच ठेवलं होतं. आता बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात 'डॉल्बी' या शब्दाचा अर्थ सांगायला नको. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यासमोरून जाताना छातीत धडधडतं, ती डॉल्बी. पण मूळ गंमत अशी, की रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली लंडनमध्ये जी कंपनी काढली तिचं पहिलं काम होतं टेपमधला नको असलेला आवाज कमी करणं! टेपला 'स्स्स' असा एक कायमचा सूर असतो. भरताना बारीक वरचे सूर वाढवून भरायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे तो 'स्स्स' दबतो. १९६८ नंतर हीच युक्ती घरगुती टेपमध्ये आली. शांततेसाठी झटणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला दिलं, याला काय म्हणावं! असो. आमच्या टू-इन-वनमध्ये भरताना डॉल्बी नव्हतीच. त्यामुळे वाजवताना बटण दाबलेलं राहिलं की वरचे सूर विनाकारण खाली जात होते. बटण सोडलं, टाळ थोडे जवळ आले.

दुसरी गोष्ट म्हणजे हेडच्या शेजारचा एक इवलासा स्क्रू. टेपच्या पट्टीवर हेड काटकोनात बसलं नाही तर बारीक सूर पुसले जातात. ज्या यंत्रावर भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर वाजवणाऱ्याचंही तेवढंच तिरकं करावं लागतं. घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरने जीव मुठीत धरून पाव आटा फिरवला, आणि मंडळी, काय सांगू! गोधडी निघाली. टाळ खणखणीत समोर आले. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता बसली. एक अभंग संपला तेव्हा म्हणाली, "हे आप्पाच."

मग त्या भरलेल्या फायली जरा 'वर' आणल्या. जुनं ध्वनिमुद्रण बारीक वाजतं, कारण टाळांचे मधले एक-दोन ठोके फार उंच जातात आणि बाकी सगळं खाली राहतं. ते उंच शेंडे थोडेसे आवरले की उरलेलं सगळं वर उचलता येतं. हल्लीची गाणी त्याच बटणावर जास्त मोठी वाटतात, त्यांची आधीच अशी दाबून भरणी केलेली असते. एक पैसा न खर्चता टेपचा आवाज चांगला वाढला.

आता दहा हजारांपैकी पहिला खर्च. पुढच्या दोन दारांसाठी स्पीकरची जोडी, ट्वीटर वेगळे असलेली, ४,२०० रुपये. ट्वीटर वेगळे घेण्याचं कारण, बारीक सूर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. दाराच्या खालच्या कोपऱ्यात ट्वीटर असला तर तो आपल्या पोटऱ्यांना भजन ऐकवतो. ते डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे वळवून बसवले. दाराच्या पत्र्याला आतून चिकटवायची डॅम्पिंग शीट १,४०० रुपये. दार म्हणजे स्पीकरचा खोकाच. त्याला भोकं राहिली तर पुढचा आवाज मागच्या आवाजाला खाऊन टाकतो आणि पत्रा आपला निराळाच ताल धरतो. गाडीची मूळ वायर न कापता जोडणारा कपलर ३०० रुपये. तो हट्टाने घेतला, नाहीतर वॉरंटीच्या वेळी कंपनी हात वर करते. मजुरी ९००. एकूण ६,८००.

मेकॅनिकचा एक पोरगा होता, फार हुशार. प्रत्येक स्पीकरच्या वायरीला त्याने क्षणभर पेन्सिल सेल लावून बघितला. कागद बाहेर सरकला तर जोडणी सरळ, आत गेला तर उलटी. एक उलटा निघाला. तसाच राहिला असता तर दोन्ही बाजूंचे जाडे सूर एकमेकांना कापत बसले असते आणि मी म्हणालो असतो, पैसे फुकट गेले.

ॲम्प्लिफायर घेतला नाही. घ्यायचाच झाला तर बॅटरीपासून थेट जाड तांब्याची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, हे त्या पोराने बजावून सांगितलं. फ्यूज लांब ठेवला आणि मधेच वायर पत्र्याला घासली तर गाडी पेट घेऊ शकते. पण गरजच पडली नाही. टेप आता काचा बंद केल्यावर इतका वाजत होता, की पणजीच्या सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला वळून बघायचा. इतक्या आवाजात रोज तासन् तास ऐकू नये हेही तेव्हाच वाचलं. ८५ डेसिबल आठ तास चालतं म्हणतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. उसाच्या हंगामात बेळगाव-निपाणीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरवर भोंगे लावून जाणारी पोरं बघितली की आता मला गाणं आठवत नाही, हे कोष्टक आठवतं.

संक्रांतीला येळ्ळूरला गेलो. मामांना म्हटलं, "चला, राजहंसगडावर जाऊन येऊ." गडावर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा २०२३ मध्ये झालाय, तो मामांनी एकदाच पाहिला होता. पुढे बसवलं, काचा बंद केल्या आणि पेनड्राइव्ह लावला.

पहिल्याच ओळीला मामांची मान वळली. टेपकडे बघत राहिले. मृदंग सुरू झाला तसा हात मांडीवर पडला, बरोब्बर समेवर. मी मनात म्हटलं, जिंकलो! चढाची वळणं आली तरी मामा बाहेर बघेनात. त्यांनी वीणेकऱ्याला ओळखलं, भावाला ओळखलं. मग स्वतःचा आवाज आला तेव्हा मात्र लहान मुलासारखे लाजले.

गडाच्या पायथ्याशी गाडी उभी केली. भजन द्रुत लयीत गेलं होतं. माझ्या कानात टाळ नुसते कोसळत होते. मागे बायकोने कानांवर हात ठेवले होते. आणि मामा म्हणाले,

"जावईबापू, टाळ कोण वाजवालेत की नाही हे?"

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे मामा?"

"मृदंग हाय, गाणं हाय. टाळ कुठं गेले? आम्ही वीस जोड होतो की त्या दिवशी."

मी आवाज वाढवला. मामा कान पुढे करून ऐकत राहिले. चेहऱ्यावर नुसता गोंधळ. मग म्हणाले, "कॅसेट खराब झाली असेल. जुनी हाय."

मी आणि बायको आरशातून एकमेकांकडे बघितलं. कॅसेट खराब नव्हती. तिचा स्क्रू मी स्वतः फिरवला होता.

गड न बघताच आम्ही घरी परतलो, असं लिहिलं तर नाटकी होईल. गड बघितला, महाराजांना नमस्कार केला, खाली येऊन तिळगूळ खाल्ला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा हजार आठशे रुपये खर्चून मी मामांचा टेप मोठा केला होता, आणि त्याने त्यांना काय ऐकू येत नाही ते नेमकं दाखवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने विषय काढला. मामांनी नाही म्हणून सांगितलं. "म्हातारपण हाय. कशाला पैसे घालवालास?" असं मुलीला म्हणाले. मग मी म्हटलं, "मामा, माझे टेपच्या खर्चातले तीन हजार दोनशे उरलेत. ते टेपवरच खर्चायचे आहेत. टाळ ऐकू आल्याशिवाय काम पुरं झालं असं कसं म्हणू?" जावयापुढे वाद घालायची त्यांची रीत नव्हती. ती रीत त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कामी आली.

बेळगावात कान तपासणाऱ्या बाईंनी काचेच्या खोलीत बसवून एकेक सूर ऐकवला आणि कागदावर आलेख काढला. खालच्या सुरांना रेघ जवळजवळ सरळ. दोन हजार हर्ट्झच्या पुढे मात्र रेघ घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरली होती. त्या म्हणाल्या, मृदंग, मोटारीची घरघर, माणसाचा जाड आवाज हे सगळं खाली असतं, ते आजोबांना येतं. टाळ वर असतात. आणि त्यांच्याबरोबर 'स', 'श', 'त', 'फ' असली व्यंजनंही वरच असतात. त्यामुळे कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मोठ्याने बोललं तर स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. म्हणून म्हातारी माणसं आधी "मोठ्याने बोल" म्हणतात आणि मोठ्याने बोललं की "ओरडतोस कशाला" म्हणतात.

कशामुळे झालं, असं बायकोने विचारलं. वय तर आहेच, त्या म्हणाल्या. मग मोटारी, मळणीयंत्र, आणि कानाशी टाळ किती वर्षं धरले? मामांनी बोटं मोजली आणि सोडून दिली. ज्याने कान तृप्त केले त्यानेच थोडे नेले असतील, तर आता हिशेब कोणाकडे मागायचा?

परत येताना गावच्या वेशीजवळ मामा सवयीने एका जागेकडे बघतात, तसं त्यांनी बघितलं. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलक तिथे वर्षानुवर्षं होता. २५ जुलै २०१४ रोजी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तो काढला गेला, गावाने पुन्हा उभा केला, २७ तारखेला तो पुन्हा पाडला गेला आणि लाठीमार झाला. त्या दिवसांबद्दल मामा फारसं बोलत नाहीत. आम्हा गोवेकरांनाही भाषेचे वाद नवे नाहीत, म्हणून मीही विचारत नाही. पण त्या दिवशी मनात आलं, दगडावरची अक्षरं पुसली की सगळं गाव धावून येतं. हा माणूस इतकी वर्षं आपल्याच भाषेतली अक्षरं एकेक करून हरवत होता, 'स' गेला, 'श' गेला, आणि घरातल्या आम्हा कुणाला पत्ता नव्हता. आम्ही म्हणत होतो, आप्पा हल्ली कमी बोलतात.

कानाचं मशीन घेतलं. किंमत लिहीत नाही, माझ्या दहा हजारांच्या बजेटच्या कितीतरी पट. मेव्हण्याने निम्मे दिले, आम्ही निम्मे. मशीन म्हणजे काही जादू नव्हे. पहिले पंधरा दिवस मामा ते काढून डबीत ठेवायचे. ताटाला वाटी लागली तरी दचकायचे. भजन तर सुरुवातीला पत्र्यासारखं लागतं म्हणाले. बोलण्यासाठी बसवलेलं मशीन संगीताला वेगळं बसवावं लागतं, म्हणून आणखी दोन फेऱ्या झाल्या. गेलेलं सगळं परत येत नाही, हेही त्या बाईंनी आधीच सांगितलं होतं.

पाडव्यानंतर मामांना परत गोव्याला घेऊन निघालो. तोच जांबोटीचा रस्ता, तीच पुढची सीट. पेनड्राइव्ह लावला. आवाजाचं बटण सवयीने पंचवीसवर नेलं. घाट लागायच्या आत मामांचा हात टेपकडे गेला आणि मधेच थांबला. जावयाच्या टेपला हात कसा लावायचा!

"काय झालं मामा?"

"जरा बारीक करा की जावईबापू. टाळ टोचालेत."

मी आकडा बारावर आणला. आवाज साधा, घरात बोलावं तेवढा. मामा डोळे मिटून ऐकत होते. मधेच भुवया चढल्या, मान नकारार्थी हलली आणि ते स्वतःशीच पुटपुटले, "हा कडेचा टाळकरी कायम मागं पडायचा. तेव्हापण मी त्याला सांगितलं होतं."